खरखरीत कसं असतं, ते हाताला विचारा

दीड वर्षाच्या बाळाला 'चेंडू कुठे आहे?' असं विचारलं, की ते बरोबर बोट दाखवतं. 'भू-भू', 'माऊ', 'मम', 'आजी' हे शब्दही त्याला चांगले ठाऊक असतात. पण एक ओला आणि एक कोरडा असे दोन चेंडू समोर ठेवून 'ओला कुठला?' असं विचारलं, तर ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं. घरच्यांना वाटतं, लहान आहे अजून, कळेल हळूहळू. ते खरंही आहे. पण या गोंधळामागे भाषा शिकण्यातली एक खरी अडचण असते. ती सोडवायला महागडी खेळणी लागत नाहीत आणि मोबाइलवरचे रंगीत व्हिडिओ तर अजिबातच लागत नाहीत. त्यासाठी जिना उतरून खाली जावं लागतं आणि सोबत बोलणारं एक मोठं माणूस लागतं.

बाळाला बाहेर नेण्यासाठी आपल्या घरांत एक खास शब्द आहे, 'भुर्र'. 'चल, भुर्र जाऊ' म्हटलं, की रडणारं मूलही दाराकडे झेपावतं. हा भुर्र म्हणजे नुसता हवापालट नव्हे. ओलं, कोरडं, जड, हलकं, खरखरीत, गुळगुळीत, गार, उंच, हळू, जोरात हे सगळे 'कसं?' या प्रश्नाचे शब्द मुलांना तिथे हाताने आणि पायाने कळतात.

नाव सोपं, गुण अवघड

जगातल्या बहुतेक भाषांत मुलांच्या पहिल्या शब्दांमध्ये माणसांची आणि वस्तूंची नावं भरपूर असतात. वस्तूचं वर्णन करणारे शब्द, म्हणजे शाळेतल्या व्याकरणातली विशेषणं, मागाहून येतात आणि सुरुवातीला थोडीच येतात.

याचं कारण बाळाच्या जागी जाऊन पाहिलं तर लगेच कळतं. आई पावसात भिजलेल्या दगडाकडे बोट दाखवून म्हणते, 'ओला.' बाळाने यातून काय समजायचं? ओला म्हणजे ही वस्तू? तिचा रंग? तिचा आकार? लहान मुलं नवा शब्द ऐकला, की तो आधी अख्ख्या वस्तूचं नाव आहे असं धरून चालतात, हे बालभाषेच्या अभ्यासकांना वारंवार दिसलं आहे. मग 'ओला' हे त्यांच्या लेखी दगडाचं आणखी एक नाव होतं.

त्यात पुन्हा काही शब्द वस्तूगणिक बदलतात. मोठी मुंगी ही लहान हत्तीपेक्षा कितीतरी लहान असते, तरी ती 'मोठी' आणि तो 'लहान'. रंगांचंही तेच. बोलायला लागलेल्या मुलाला 'लाल', 'पिवळा' हे शब्द तोंडपाठ असतात, पण ते नेमके चुकीच्या वस्तूला लावले जातात. चार्ल्स डार्विनने 1877 मध्ये स्वतःच्या मुलांबद्दल हेच लिहून ठेवलं होतं. मुलांना रंगांची नावं माहीत असूनही ती योग्य ठिकाणी लावता येईनात, तेव्हा त्यांना रंगांधळेपणा आहे की काय, अशी शंका त्याला आली होती. ती अर्थातच खोटी ठरली.

जोडी लावली, की फरक दिसतो

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सँड्रा वॅक्समन आणि रेकेल क्लिबानोफ यांनी तीन वर्षांच्या मुलांबरोबर केलेलं काम 2000 साली प्रसिद्ध झालं. मुलांना एकाच प्रकारच्या, पण एकाच गुणात वेगळ्या असलेल्या दोन वस्तूंची तुलना करायला मिळाली, तर गुणाचा नवा शब्द ती लवकर पकडतात आणि दुसऱ्या वस्तूंनाही लावून दाखवतात, असं त्यांना आढळलं. याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. एक ओला दगड दाखवून भागत नाही. शेजारी कोरडा दगडही हवा. दोन्ही दगडच असल्यामुळे 'ओला' हा शब्द दगडाबद्दल नाही, पाण्याबद्दल आहे, हे मुलाला उमगतं.

दुसरी गोष्ट शब्दांच्या क्रमाची. मायकेल रॅमस्कर, मेलडी डाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांना रंग शिकवून पाहिले. 'लाल फुगा' अशा क्रमापेक्षा 'फुगा लाल आहे' अशा क्रमाने ऐकलेल्या मुलांना रंग जास्त चांगले कळले. आधी 'फुगा' ऐकलं, की मुलाची नजर फुग्यावर स्थिरावते. मग पुढे येणारा शब्द त्या फुग्याविषयी काहीतरी सांगतोय, हे त्याला समजतं. मराठीत तर अशी वाक्यं अगदी सहज तोंडात येतात. 'पान ओलं आहे', 'पायरी उंच आहे', 'दांडा गार लागतो.' मुद्दाम काही शिकवतोय असं वाटतही नाही.

चालतं मूल, बोलतं मूल

हे सगळं घरात, सतरंजीवर बसून का करू नये? जरूर करावं. पण बाहेर हालचाल असते आणि हालचालीचा भाषेशी जवळचा संबंध आहे.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांच्या गटाने चालायला लागलेल्या बाळांची पावलं मोजली. मोकळेपणी खेळताना ही बाळं तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात, असं 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. इतक्या वेळा पडूनही मूल पुन्हा उठतं, कारण उभ्याने जग वेगळं दिसतं आणि हात रिकामे राहतात. चालणारं बाळ लांबची वस्तू उचलून मोठ्यांपर्यंत आणतं, आणि मोठं माणूस साहजिकच त्यावर काहीतरी बोलतं. एरिक वॉले आणि जोसेफ कँपोस यांच्या 2014 मधल्या अभ्यासात रांगणाऱ्या बाळांपेक्षा चालणाऱ्या बाळांचा शब्दसंग्रह मोठा आढळला, वयाचा फरक विचारात घेतल्यावरसुद्धा.

म्हणून मुलाने हातात काडी आणून दिली, तर 'टाक ती, घाण आहे' हे आपलं नेहमीचं वाक्य क्षणभर गिळावं आणि म्हणावं, 'अगंबाई, काडी! काडी बारीक आहे. आणि ही बघ, ही जाड आहे.' मूल ज्याच्याकडे बघतंय त्याविषयीच आपण बोललो, तर शब्द लवकर रुजतो. त्याचं लक्ष ओढून दुसरीकडे वळवलं, तर तितका रुजत नाही. अनेक लहान मुलांचं पहिलं विशेषण 'छी' असतं. ते गरजेचंही आहे. पण बाहेरच्या प्रत्येक वस्तूला तो एकच शब्द मिळाला, तर बाकीच्या शब्दांना जागा कुठे उरणार?

पडद्याने हे काम होत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 मधल्या प्रसिद्ध प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. समोर बसून खेळणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेचे ध्वनी शिकली. तीच माणसं, तेच बोलणं चित्रफितीवर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत. शिवाय पडद्यावरचं 'खरखरीत' हाताला गुळगुळीत काचच लागतं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2021 च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन देऊच नये. नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल एवढाच त्याला अपवाद. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

कानाला कळणारे शब्द

या बाबतीत मराठी मुलं नशीबवान आहेत. आपल्याकडचे स्पर्शाचे कितीतरी शब्द उच्चारातच अर्थ घेऊन येतात. खरखरीत म्हणताना घशात खरखर होते, गुळगुळीत म्हणताना जीभ घसरते. बुळबुळीत, लुसलुशीत, भुसभुशीत, खडबडीत, चिकचिकीत, गारेगार, चिंब हे सगळे तसेच. जपानी भाषेतही असे नादमय शब्द भरपूर आहेत. मुत्सुमी इमाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं, की नाद आणि अर्थ जुळणारे नवे क्रियावाचक शब्द तीन वर्षांची मुलं अधिक सहज शिकतात. तेव्हा 'रफ', 'स्मूद' शाळेत येईलच. आधी 'खरखरीत' आणि 'गुळगुळीत' नीट तोंड भरून म्हणू द्या.

मराठीत एक चढही आहे. 'दगड ओला', 'वाळू ओली', 'पान ओलं': गुण एकच, रूपं तीन. मूल 'वाळू ओला' म्हणेल. तिथे 'चुकलं, परत म्हण' असं करू नये. 'हो रे, वाळू ओली आहे!' एवढं बरोबर रूप आपल्या उत्तरात येऊ द्यावं. ऐकून ऐकून ते आपोआप बसतं. घरात आजी साताऱ्याकडची असेल आणि ती 'लहान' ऐवजी 'बारकं' म्हणत असेल, तर तेही बिनधास्त म्हणू द्यावं. एका गुणाला दोन शब्द मिळाले, तर मुलाचा तोटा काहीच नाही.

डिलाईल रोडचं अंगण बदलतंय

कामगार नेते ना. म. जोशी यांचं नाव मिळालेल्या, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून डिलाईल रोडच असलेल्या या भागात हा विषय आज जास्त महत्त्वाचा आहे. इथल्या 32 बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वी बांधल्या गेल्या. खोली 160 चौरस फुटांची, मजल्यावर 20 बिऱ्हाडं, मध्ये लांबलचक पॅसेज. इतक्याशा खोलीत मूल मावणारच नव्हतं. ते पॅसेजमध्ये रांगलं, जिन्यावर चढायला शिकलं आणि दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत धावलं. गैरसोयी पुष्कळ होत्या, सामाईक संडासांपासून गळक्या भिंतींपर्यंत; त्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण लहान मुलाच्या भाषेसाठी लागणाऱ्या दोन गोष्टी तिथे फुकट मिळत होत्या. दाराबाहेर पाऊल टाकलं, की जागा आणि वाटेत बोलणारी माणसं. 'काय रे, कुठे निघालास? चप्पल उलटी घातलीस!' एवढं शेजारची काकी म्हणाली, की 'उलटी' आणि 'सुलटी' शिकून व्हायचं.

आता पुनर्विकासात याच कुटुंबांना 500 चौरस फुटांची घरं मिळायची आहेत. ती हक्काची आहेत आणि हवीच होती. पण बंद दाराच्या, लिफ्टच्या उंच इमारतीत मूल आपोआप बाहेर पडत नाही. त्याला कुणीतरी न्यावं लागतं. संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना तर ओळखीचं अंगणही नाही. गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये मुलं रमतात, पण तिथली फरशी, काच, प्लास्टिक सगळं सारखंच गुळगुळीत, सारखंच थंड. तुलना करायला दुसरं काही नसतं. चाळीत जे न ठरवता होत होतं, ते आता ठरवून करावं लागणार आहे.

अंगणातली शाळा जुनीच

मुलांना त्यांच्याच अंगणात, हाताशी असलेल्या वस्तूंनी शिकवावं ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे दादरला शिशुविहार चालवल्यावर 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. तीच अंगणवाडी. मॉन्टेसरी पद्धतीची महाग साधनं खेड्यात परवडणार नव्हती. म्हणून परिसरात मिळणाऱ्या वस्तूंमधून साधनं तयार झाली. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतल्या केंद्रांना पुढे देशभर अंगणवाडी हेच नाव मिळालं. सुरुवातीच्या 33 प्रकल्पांत मुंबईतली धारावीही होती.

मॉन्टेसरी पद्धतीत शब्द शिकवण्याचा तीन पायऱ्यांचा एक पाठ आहे. खरखरीत आणि गुळगुळीत अशा दोन पट्ट्यांवरून मुलाची बोटं फिरवायची आणि सांगायचं, 'ही खरखरीत, ही गुळगुळीत.' मग विचारायचं, 'खरखरीत कुठली, दाखव.' आणि शेवटी, 'ही कशी आहे?' पहिल्या दोन पायऱ्या बऱ्याच दिवस चालू द्यायच्या असतात. आपण घाईने थेट तिसऱ्या पायरीवर जातो, 'सांग, सांग, कसा आहे?' म्हणून परीक्षा घेतो, आणि मूल गप्प होतं.

अंगणवाडीच्या खोलीत मुलं बसतात ती साधारण तीन वर्षांनंतर. त्याआधीच्या वयासाठी केंद्र सरकारने 2024 मध्ये 'नवचेतना' हा आराखडा आणला आहे. त्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंत घरच्या घरी करता येतील असे 140 उपक्रम आहेत. अंगणवाडी सेविकेकडे त्याची चौकशी जरूर करावी.

रोज अर्धा तास, असा

*सहा महिने ते एक वर्ष.* बाळ कडेवर असतं. त्याचा तळहात वस्तूला लावायचा आणि एकच शब्द म्हणायचा. बदामाचं हिरवं पान: 'गुळगुळीत.' झाडाची साल: 'खरखरीत.' सकाळचा लोखंडी कठडा: 'गार.' आज बोलेल ही अपेक्षा नको. या वयात कान भरत असतात.

*एक ते दीड वर्ष.* चालणं सुरू होतं. वर-खाली, उंच, हळू, जोरात हे शब्द शरीराने शिकू द्या. पायरी चढताना 'वर, वर', उतरताना 'खाली'. मांजर बघून 'हळू… हळू' आणि मग मोकळ्या जागेत 'जोरात!'

*दीड ते दोन वर्षं.* जोड्या लावा. झाडावरचं पान मऊ, खाली पडून वाळलेलं पान कुरकुरीत. रिकामी बाटली हलकी, भरलेली जड. नारळ बाहेरून खरखरीत, करवंटी आतून गुळगुळीत. वस्तू एकाच जातीची, फरक एकच. एका दिवशी एक-दोन जोड्या पुरेत. त्याच जोड्या आठवडाभर चालवा.

*दोन ते तीन वर्षं.* आता खेळ उलटा करा. 'मला काहीतरी ओलं आणून दे.' 'तुझ्यापेक्षा उंच काय आहे?' 'या दोन दगडांत जड कुठला?' मुलाला दगड उचलू द्या, चुकू द्या, पुन्हा उचलू द्या. बाजारात गेलात, तर कोळणीच्या टोपलीतलं पापलेट बुळबुळीत, फुलवाल्याचा झेंडू मऊ, बर्फाची लादी गारेगार. यापेक्षा मोठं दालन कुठल्या खेळण्यांच्या दुकानात नाही.

जागा आणि वेळही निवडायला हवी. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ब्रियाना मॅकमिलन आणि जेनी सॅफ्रन यांच्या 2016 मधल्या अभ्यासात मागे मोठ्याने बोलणं चालू असताना दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकायला जड गेलं. इमारतीची बांधकामं, हॉर्न आणि लोकल यांच्या गलक्यात आपला आवाज बाळापर्यंत पोचतच नाही. शक्यतो सकाळी लवकर, रस्त्याऐवजी आवाराच्या आत जा. बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन बोला. त्याने उत्तर द्यायला मनातल्या मनात पाचपर्यंत मोजून वाट बघा.

अर्धा तास हा शब्दांसाठी. खेळ मात्र त्याहून खूप जास्त हवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान तीन तासांची हालचाल सुचवली आहे.

एवढं मात्र जपा

पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यात मुलांना उतरवू नका. त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पायाला खरचटलेलं असेल तर धोका जास्त. ओलं-कोरडं शिकवायला स्वच्छ पाण्याची एक बादली पुरते, पण बादलीपाशी मुलाला एकटं सोडू नका, नंतर ती रिकामी करा. खडे, बिया, नाणी अशा छोट्या वस्तू तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात. दगड मुठीपेक्षा मोठाच निवडा. दुपारी घसरगुंडीचा पत्रा आणि लोखंडी कठडा आधी आपल्या हाताने बघा. डासांच्या वेळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. घरी आल्यावर साबणाने हात धुवा, आणि धुताना 'हात चिकट होते, आता स्वच्छ झाले' हेही म्हणा.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो, हे खरं. तरीही बारा महिन्यांपर्यंत बाळ बडबडत नसेल, बोट दाखवणं किंवा टाटा करणं असे हावभाव करत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत 'मम दे' अशी दोन शब्दांची स्वतःची जोडणी नसेल. किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात गळू लागले असतील, तर 'त्याचा बाबाही उशिरा बोलला होता' म्हणून थांबू नये. सर्वांत आधी कानांची तपासणी करून घ्यावी. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था इथे ही सोय आहे. लवकर सुरू झालेल्या उपचारांचा फायदा जास्त होतो.

बाकीच्या मुलांना औषध नको, शिकवणी नको. आई-बाबा कामावर असतील, तर संध्याकाळी आजोबांनी घेऊन जावं, कधी मामाने, कधी शेजारच्या ताईने. नव्या इमारतींची सोसायटी स्थापन होईल, तेव्हा आवारात गाड्यांच्या रांगांआधी एक झाड, थोडी माती आणि बसायला एक कट्टा राखून ठेवावा. पहिल्या तीन वर्षांच्या मुलांना एवढी शाळा पुष्कळ आहे.